टाकलेल्या सेक्शनच्या पत्त्यावर काय लिहायचं?

सी++ मध्ये एकाच फंक्शनच्या प्रती अनेक ऑब्जेक्ट फाइलींत उतरतात. त्या फाइली जोडून प्रोग्राम बनवणारा लिंकर एकच प्रत ठेवतो आणि बाकीच्यांचे सेक्शन (फाइलीतले कोड-डेटाचे कप्पे) टाकतो; या सोयीचं नाव ‘कॉमडॅट’. प्रश्न असा, की टाकलेल्या प्रतीचा पत्ता मागणाऱ्या जागी लिंकरने काय लिहायचं? ‘कॉमडॅट’ हा शब्द मुळात लिनक्सवर चालणाऱ्या ईएलएफ या फाइल फॉरमॅटचा नाही. डॉसच्या काळातल्या ओएमएफ फॉरमॅटच्या ऑब्जेक्ट फाइलींमध्ये या नावाचा रेकॉर्ड होता, ‘कम्युनल डेटा’ या अर्थाचा. विंडोजच्या सीओएफएफ फॉरमॅटमध्ये तो एकेका सेक्शनला चिकटला आणि सोबत निवडीचे नियम घेऊन आला: कोणतीही प्रत चालेल, आकार सारखा हवा, मजकूर तंतोतंत हवा, सगळ्यात मोठी घ्या. ईएलएफने शब्द घेतला, हे पर्याय घेतले नाहीत. तिथे कॉमडॅट म्हणजे सेक्शनांच्या गटावरचा एक फ्लॅग. त्याच सिग्नेचरचा (ओळखीच्या नावाचा) गट दुसऱ्यांदा दिसला की तो अख्खा टाकायचा, आत काय आहे ते बघायचंही नाही.

गट येण्याआधी जीएनयूचा सी++ कंपाइलर जी++ ‘लिंकवन्स’ सेक्शनांवर काम भागवत असे. प्रत्येक सेक्शन आपापल्या नावावर राहायचा किंवा जायचा. त्यामुळे फंक्शनचा कोड एका फाइलीतून आणि त्याचं स्विच टेबल दुसऱ्या फाइलीतून, असली जोडी जमायची. टेबलातली रिलोकेशनं (लिंकरने पत्ता भरायच्या जागा) मात्र टाकलेल्या कोडकडे बोट दाखवत राहायची. जी++ ३.४ साठी केलेला अपवाद जीएनयूच्या लिंकरच्या, म्हणजे जीएनयू एलडीच्या, सोर्समध्ये कॉमेंटसकट आहे. ४.x पासून गट आले.

गटांबरोबर नियमही आला. सगळ्या फाइलींना दिसणाऱ्या ग्लोबल सिम्बॉलचा (नावाचा) प्रश्न नव्हता, तो ठेवलेल्या प्रतीकडे वळतो. एकाच फाइलीपुरत्या लोकल सिम्बॉलला मात्र गटाबाहेरून हात लावायचा नाही. नियम स्वच्छ आहे, पण डीबग माहितीसाठी ‘-जी’ देऊन कंपाइल केलेली जवळजवळ प्रत्येक सी++ फाइल तो मोडते. ती माहिती ठेवणारा सेक्शन ‘.डीबग_इन्फो’ अख्ख्या फाइलीचा एकच, गटाबाहेरचा. आणि त्याला गटातल्या प्रत्येक फंक्शनचा पत्ता हवा असतो.

तेव्हा लिंकरांनी सेक्शन बघून धोरण ठरवलं. साध्या सेक्शनमधून असा संदर्भ आला तर ‘डिफाइन्ड इन डिस्कार्डेड सेक्शन’ ही ओळखीची एरर. एक्सेप्शनच्या वेळी स्टॅक उलगडायची माहिती असलेला ‘.ईएच_फ्रेम’ लिंकर स्वतः वाचतो आणि टाकलेल्या फंक्शनची नोंद काढूनच टाकतो. डीबग सेक्शनांसाठी जीएनयू एलडीने जे केलं त्याचं नाव सोर्समध्येच ‘प्रिटेंड’ आहे: ठेवलेल्या प्रतीचा आकार तेवढाच असेल तर तीच आपली असं समजायचं. नाव प्रामाणिक आहे, उपाय तितका नाही. दोन फाइली वेगवेगळे फ्लॅग देऊन कंपाइल झाल्या आणि योगायोगाने बाइट तेवढेच निघाले, तर डीबगर एकाच पत्त्यावर दोन कहाण्या सांगतो, त्यातली एक खोटी. आकार जुळला नाही तर शून्य.

आणि खरं भांडण त्या शून्याचं आहे. ड्वार्फ हा डीबग माहितीचा फॉरमॅट; त्याच्या २००५ च्या तिसऱ्या आवृत्तीतली ‘.डीबग_रेंजेस’, म्हणजे कोडच्या पत्त्यांच्या रेंजांची यादी, घ्या. तिच्यात सुरुवात-शेवट अशा जोड्या असतात आणि ०, ० ही जोडी आली की यादी संपली. समजा एका फाइलीत पाच फंक्शनं आहेत आणि तिसरं टाकलं गेलं. त्याच्या दोन्ही जागी शून्य लिहिलं की चौथं आणि पाचवं डीबगरच्या लेखी गायब. म्हणून जीएनयू एलडी तिथे १, १ लिहितो: रिकामी रेंज, पण यादी चालू राहते. एलएलव्हीएम या कंपाइलर प्रकल्पाचा लिंकर एलएलडी बेस शून्य धरून ॲडेंड (बेसमध्ये मिळवायचा आकडा) तसाच ठेवत असे. ४० बाइटांच्या फंक्शनची जोडी मग ०, ४० अशी व्हायची. यादी तुटत नाही हे खरं, पण अनेक मायक्रोकंट्रोलरांत शून्यावर वेक्टर टेबल (इंटरप्ट आल्यावर कुठे जायचं त्या पत्त्यांचा तक्ता) बसलेलं असतं, म्हणजे तो पत्ता खरा असतो. शेअर्ड लायब्ररीही शून्यापासूनच मांडली जाते; टाकलेलं फंक्शन मोठं असलं की त्याची भुताटकीची रेंज खऱ्या कोडवर चढते.

जून २०२० मध्ये एलएलडीने हा प्रकार बदलला. मेलेल्या पत्त्यासाठी ठरावीक ‘टूमस्टोन’ मूल्य आलं: उणे एक, म्हणजे सगळे बिट १. ‘.डीबग_रेंजेस’ आणि व्हेरिएबल कुठे आहेत ते सांगणाऱ्या ‘.डीबग_लॉक’ मध्ये उणे एकचा अर्थ ‘इथून नवा बेस पत्ता’ असा आधीच ठरलेला, म्हणून तिथे उणे दोन. त्याच महिन्यात ड्वार्फच्या पुढच्या आवृत्तीत सर्वांत मोठा पत्ता ‘अस्तित्वात नाही’ या अर्थाने राखून ठेवावा, असा प्रस्तावही गेला. पण डीबग माहिती वाचणाऱ्या जुन्या साधनांना शून्याची सवय होती आणि काहींना उणे एक पचेना. ऑगस्टमध्ये माघार: रेंजेस आणि लॉकमध्ये १, इतरत्र ०. कुणाला वेगळं हवं असेल तर सेक्शनच्या नावावरून मूल्य ठरवणारा ‘डेड-रीलॉक-इन-नॉनअलॉक’ हा ‘-झेड’ पर्याय ठेवला, आणि ऑक्टोबरमध्ये एलएलव्हीएम ११ याच रूपात बाहेर पडलं.

माझ्या मते उणे एकच बरोबर होतं. शून्य टिकलं ते जुन्या वाचकांच्या भिडेखातर. २०१७ च्या ड्वार्फ ५ ने याद्यांच्या शेवटाला स्वतंत्र खूण दिल्यावर ०, ० चा सापळा तसाही गेला होता. पुढे नावांची सूची असलेल्या ‘.डीबग_नेम्स’ची वेळ आली. तिच्यात पत्ते नाहीत, ‘.डीबग_इन्फो’मधले ऑफसेट असतात, आणि गटासोबत टाकल्या गेलेल्या टाइप युनिटचा (एका टाइपच्या डीबग माहितीच्या तुकड्याचा) ऑफसेट शून्य लिहिला तर तो पहिल्याच युनिटचा खराखुरा ऑफसेट ठरतो. त्या एका सेक्शनपुरतं एलएलडी पुन्हा उणे एकवर आलं.