मंदीचं माप कोणाच्या पदरात?

रबाळ्याच्या एमआयडीसीत एखाद्या छोट्या वर्कशॉपच्या मालकाला ‘धंदा कसा चाललाय?’ असं विचारा. ऑर्डरी निम्म्यावर आल्यात, पेमेंट नव्वद दिवसांवर गेलंय, दुसरी पाळी बंद केलीय, हे सांगता सांगता तो त्याच दमात गुन्हेगाराचं नावही सांगून टाकतो. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये हाच प्रश्न विचारला तर तक्रारी त्याच, नाव वेगळं. गोखले रोडवरच्या दोन शेजारी दुकानांत एकाच्या मते आताचं सरकार दोषी असतं, दुसऱ्याच्या मते दहा वर्षांपूर्वीचं. गिऱ्हाईक मात्र दोघांकडेही नसतं.

देशाची अर्थव्यवस्था घसरली तर दोष कोणाचा, हा प्रश्न आपण राजकारणाच्या खात्यात टाकतो आणि संध्याकाळी टीव्हीवर भांडणाऱ्यांवर सोडून देतो. मानसशास्त्रज्ञ, राज्यशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञांनी मात्र तो मोजायला घेतला आहे. माणसं दोष कसा देतात हे ते तपासतात, आणि खरा दोष किती हे वेगळं काढता येतं का, हेही.

आधी माणसांचं बघू. 1967 मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्याविषयीचे निबंध वाचायला दिले. काही निबंध कॅस्ट्रोच्या बाजूचे होते, काही विरोधातले. काही वाचकांना स्पष्ट सांगितलं होतं, की लिहिणाऱ्याला बाजू नेमून दिली होती, त्याला पर्याय नव्हता. तरीही कॅस्ट्रोची बाजू घेणारा निबंध वाचून त्यांनी ठरवलं, की लिहिणारा मनानं त्या बाजूला झुकलेला असणार. परिस्थितीनं करायला लावलेली गोष्टही आपण माणसाच्या नावावर जमा करतो. मंदीत तर परिस्थिती डोळ्यांना दिसतच नाही. कच्च्या तेलाचा भाव, न्यूयॉर्कमधला व्याजदर, बँकांची बुडीत कर्जं, यांना चेहरा नसतो. खुर्चीवर बसलेल्याला असतो, आणि तो रोज बातम्यांत दिसतो.

आता त्यात पक्ष मिसळा. अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या आठ वर्षांत महागाईचा दर सुमारे साडेतेरा टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आसपास आला होता. 1988 मध्ये मतदारांना विचारलं, या आठ वर्षांत महागाई वाढली की घटली? कट्टर डेमोक्रॅट मतदारांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी ती वाढल्याचं सांगितलं. राज्यशास्त्रज्ञ लॅरी बार्टेल्स यांनी हे दाखवून दिलं. पुढे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात सरकारी तूट घटत असताना रिपब्लिकन मतदारांनी ती वाढल्याचं सांगून फिटंफाट केली. म्हणजे वस्तुस्थिती सर्वांना एकच दिसते आणि फक्त तिच्या अर्थावर भांडण होतं, असंही नाही. आपल्या पक्षाला गैरसोयीचा आकडा डोक्यात शिरतच नाही. आपल्याकडच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे पाहायला संशोधनाची गरज नाही, पण संशोधन आहे हे बरं.

भारतातला एक अभ्यास मला या सगळ्यांत जास्त बोलका वाटतो. शॉन कोल, अँड्र्यू हिली आणि एरिक वर्कर यांनी 2012 साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी राज्यांच्या निवडणुकांचे निकाल आणि त्या-त्या ठिकाणचा पाऊस शेजारी-शेजारी मांडले. पाऊस फार कमी किंवा फार जास्त पडला, की सत्ताधाऱ्यांची मतं घटत होती. पाऊस पाडणं किंवा अडवणं तर कुठल्याच मुख्यमंत्र्याच्या हातात नसतं. पण लोक निव्वळ आंधळेपणानं शिक्षा करत होते असंही नाही. ज्या सरकारनं मदतीला जोर लावला, त्याचं नुकसान कमी झालं. खरी मेख पुढे आहे. मतदारांच्या हिशेबात निवडणुकीच्या आधीचं फक्त एक वर्ष येत होतं. त्याआधीचा दुष्काळ आणि त्याआधीची मदत, दोन्ही विसरली जात होती. सरकारांनाही हे पुरतं उमगलेलं दिसतं, कारण निवडणुकीच्या वर्षात त्यांचा हात मदतीच्या बाबतीत जास्त सैल होत होता.

हिली यांनीच नील मल्होत्रा यांच्यासोबत अमेरिकेत काढलेला निष्कर्ष तर अस्वस्थ करणारा आहे. आपत्तीनंतरच्या मदतीसाठी मतदार बक्षीस देतात, आपत्तीपूर्वीच्या तयारीसाठी देत नाहीत. त्यांच्या अंदाजानुसार तयारीवर खर्च केलेला एक डॉलर पुढचं सुमारे 15 डॉलरचं नुकसान वाचवतो. जे नुकसान झालंच नाही, त्याचं श्रेय द्यायला कोण येणार?

पावसाच्या जागी जागतिक बाजार ठेवला तरी चित्र फारसं बदलत नाही. जस्टिन वुल्फर्स यांना आढळलं, की अमेरिकेच्या तेल उत्पादक राज्यांत तेलाचे भाव चढले की तिथल्या गव्हर्नरांची फेरनिवड सोपी होते. डॅनिएला काम्पेलो आणि सेझार झुको यांनी लॅटिन अमेरिका घेतली. तिथल्या कच्चा माल विकणाऱ्या देशांत राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता दोन गोष्टींवरून बऱ्यापैकी सांगता येते: जगात कच्च्या मालाचा भाव काय आणि अमेरिकेत व्याजदर काय. दोन्ही गोष्टी राष्ट्राध्यक्षांच्या हाताबाहेरच्या. न्हावाशेवा बंदराच्या कंटेनरवर ज्यांची चूल पेटते, त्या उरण-जेएनपीए पट्ट्यातल्या ट्रेलरवाल्यांना हे वेगळं समजवायला नको. परदेशातली मागणी आटली की इथल्या फेऱ्या घटतात, मंत्रालयात कोणीही बसलेलं असो.

मग सरकारला सगळंच माफ? नाही. इथून दुसरा प्रश्न सुरू होतो: नशिबाचा वाटा आणि धोरणाचा वाटा वेगळा कसा काढायचा?

सर्वांत साधी युक्ती म्हणजे शेजारी बघणं. 22 मे 2013 रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख बेन बर्नान्की यांनी बाजारात डॉलर ओतणारी रोखेखरेदी आवरती घेण्याचे संकेत दिले आणि विकसनशील देशांतून डॉलर परत फिरू लागले. तेव्हा डॉलरला 55 च्या आसपास असलेला रुपया ऑगस्टअखेर 68 च्या पलीकडे गेला. टीकाकारांनी सगळं माप तेव्हाच्या मनमोहनसिंग सरकारच्या पदरात घातलं, समर्थकांनी सगळं बर्नान्कींच्या. पण त्याच महिन्यांत ब्राझील, इंडोनेशिया, तुर्की आणि दक्षिण आफ्रिकेची चलनंही घसरली. या पाचांच्या टोळक्याला ‘नाजूक पाच’ असं नावच पडलं. सर्वांना बसला तो फटका बाहेरचा, एवढं कळलं. तरी जगातल्या सगळ्याच देशांना तो सारखा बसला नव्हता. ज्यांची चालू खात्यावरची तूट (आयातीसारख्या व्यवहारांत बाहेर जाणारा पैसा आत येणाऱ्यापेक्षा जितका जास्त, ती) मोठी, ते जास्त हेलपाटले. आणि भारताची तूट 2012-13 मध्ये जीडीपीच्या 4.8 टक्के होती. वादळ बाहेरून आलं होतं. तूट मात्र घरची होती, आणि ती एका रात्रीत झालेली नव्हती.

शेजारी नेमका सापडला नाही तर तो तयार करतात. ब्रिटननं जून 2016 मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल दिला. त्यानं किती नुकसान झालं हे कळण्यासाठी, कौल न देणारा ब्रिटन हवा. तो कुठून आणणार? चार अर्थतज्ज्ञांनी इतर श्रीमंत देशांचं असं मिश्रण तयार केलं, थोडा हा देश, थोडा तो, की 2016 पूर्वीच्या वर्षांत त्या मिश्रणाची वाढ आणि ब्रिटनची वाढ एकमेकींवर तंतोतंत बसावी. कौलानंतर खरा ब्रिटन आणि हा कागदावरचा जुळा भाऊ यांच्यात पडत गेलेलं अंतर म्हणजे निर्णयाची किंमत. 2018 संपता संपता ते अंतर जीडीपीच्या 1.7 ते 2.5 टक्के भरलं. गंमत अशी, की या काळात ब्रिटनची अर्थव्यवस्था वाढतच होती. नुसता वाढीचा दर बघणाऱ्याला नुकसान दिसलंच नसतं.

आपल्याकडे नोटबंदीवर असंच काम झालं आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री चलनातल्या 86 टक्के रोकडीचा कागद झाला. निर्णय एकाच वेळी सगळ्या देशाला लागू झाल्यामुळे तुलनेला ‘नोटबंदी नसलेला भारत’ उरला नाही. गॅब्रिएल कोडोरो-राइश, गीता गोपीनाथ, प्राची मिश्रा आणि अभिनव नारायणन यांनी यातून वाट काढली. नव्या नोटा सर्व जिल्ह्यांत सारख्या वेगानं पोचल्या नव्हत्या. कुठे लवकर, कुठे उशिरा. मग जास्त कोरड्या पडलेल्या आणि कमी कोरड्या पडलेल्या जिल्ह्यांची त्यांनी तुलना केली. हिशेबाच्या वहीत न येणारा धंदाही धरला जावा म्हणून रोजगाराच्या सर्वेक्षणांबरोबर उपग्रहानं टिपलेले रात्रीचे दिवे वापरले. निष्कर्ष असा: त्या तिमाहीत आर्थिक उलाढाल आणि रोजगार, नोटबंदी नसती तर जितके असते त्यापेक्षा किमान 2 टक्क्यांनी खाली गेले, आणि हा परिणाम पुढच्या काही महिन्यांत विरला.

हे उत्तर दोन्ही बाजूंच्या घशाखाली उतरत नाही. काहीच झालं नाही म्हणणाऱ्यांना 2 टक्के बोचतात, आणि अर्थव्यवस्था कायमची बसली म्हणणाऱ्यांना ‘विरला’ हा शब्द. मला मात्र अशा उत्तराचा भरवसा वाटतो. दोष किती, आणि किती काळ, हे दोन्ही त्यात आहे.

नोटबंदीच्या त्याच, म्हणजे 2016-17 या वर्षाचा अधिकृत जीडीपी वाढीचा दर आधी 7.1 टक्के जाहीर झाला होता, पुढे सुधारून तो 8.3 टक्के झाला. नोटबंदीच्या वर्षात वाढ जास्त कशी, हा प्रश्न कोणालाही पडेल. एक कारण मोजण्यातच आहे. रबाळ्यातल्या चार कामगारांच्या शेडचा ताळेबंद कुठे दाखल होत नाही. असंघटित क्षेत्राचा अंदाज तेव्हा बराचसा जुनी सर्वेक्षणं आणि संघटित क्षेत्राची चाल यांवरून बांधला जात होता. मोठी कंपनी तरली आणि तिला माल देणारी शेड बुडाली, तर ती बुडालेली शेड आकड्यात पटकन दिसत नसे. आकडे बदलतातही फार. 2020-21 ची घसरण प्रथम 7.3 टक्के सांगितली गेली, नंतर ती 5.8 टक्क्यांवर आली. पहिल्या आकड्यावर देशभर घमासान होतं. सुधारित आकडा आला त्या दिवशी चर्चेला दुसराच विषय असतो.

आणि काळाचं काय? 1991 चं संकट घ्या. परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता उरला होता. देशाचं सोनं गहाण टाकल्याचा डाग लोकांच्या आठवणीत चंद्रशेखर सरकारवर आहे. प्रत्यक्षात त्यांच्या काळात, मे महिन्यात, परत विकत घेण्याच्या बोलीवर 20 टन सोनं विकलं गेलं. इंग्लंड आणि जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे सुमारे 47 टन गहाण पडलं ते जुलैमध्ये, नरसिंह राव सरकार आल्यावर. ज्या तुटीमुळे ही पाळी आली ती ऐंशीच्या दशकात, वेगवेगळ्या पंतप्रधानांच्या काळात साचत गेली होती, आणि शेवटचा धक्का ऑगस्ट 1990 मध्ये इराकनं कुवेतवर केलेल्या हल्ल्यानं दिला. आता तारखेवरून दोष द्यायचा ठरवला तर कोणाला देणार?

राज्यशास्त्रज्ञ बिंगहॅम पॉवेल आणि गाय व्हिटन यांनी 1993 मध्ये 19 लोकशाही देशांच्या निवडणुका तपासून सांगितलं, की जिथे सत्ता एकाच्या हाती स्पष्ट दिसते तिथे मतदार आर्थिक कामगिरीसाठी कडक शिक्षा करतात. जिथे ती वाटली गेलेली असते तिथे शिक्षा बोथट होते. हे नवी मुंबईइतकं कोणाला लागू पडावं! जमीन सिडकोची की एमआयडीसीची, रस्ता महापालिकेचा की आणखी कोणाचा, यात इथला माणूस आयुष्यभर हेलपाटे घालतो. त्यात 2020 नंतर कित्येक वर्षं महापालिकेवर प्रशासक होता, म्हणजे शिक्षा करायला नगरसेवकही नव्हता.

वरच्या पातळीवर धागे असेच गुंतलेले आहेत. जीएसटीचा दर ‘केंद्रानं लावला’ असं आपण म्हणतो, पण जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि राज्यांचं मिळून दोन तृतीयांश असतं, आणि मतदान झालं तर ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. केंद्र एकटं तो अडवू शकतं, पण राज्यांशिवाय मंजूर करून घेऊ शकत नाही. कर्जाचा हप्ता ज्यावर ठरतो तो रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या व्याजानं बँकांना उसने पैसे देते तो) सहा जणांची पतधोरण समिती ठरवते. त्यातले तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे केंद्रानं नेमलेले.

या समितीच्या कायद्यात मात्र एक दुर्मीळ तरतूद आहे. महागाईचं लक्ष्य 4 टक्के, दोन टक्के इकडेतिकडे चालतात. सलग तीन तिमाही महागाई या पट्ट्याबाहेर राहिली, तर रिझर्व्ह बँकेनं सरकारला लेखी अहवाल द्यायचा: लक्ष्य का हुकलं, आता काय करणार, आणि गाडी रुळावर यायला किती काळ लागेल. वाढीचा दर कोसळला किंवा रोजगार घटला तर असं काही लिहून देण्याचं बंधन सरकारवर नाही. महागाईच्या बाबतीत 2022 मध्ये ती वेळ आली. 3 नोव्हेंबरला समितीची खास बैठक झाली आणि अहवाल सरकारकडे गेला. तो प्रसिद्ध करण्याची तरतूद कायद्यात नाही, असं उत्तर सरकारनं संसदेत दिलं.