अमालेक

अमालेक : हिब्रू बायबलमधील एक भटकी टोळी व तिचा मूळपुरुष. पुढे ज्यू परंपरेत हा शब्द ज्यूंचा समूळ नाश करू पाहणाऱ्या शत्रूची संज्ञा झाला. आधुनिक काळात नाझी जर्मनी, इराण व हमास यांना उद्देशून तो वापरला गेला आहे. शब्द एकच, पण त्यामागे ग्रंथांतले तीन निरनिराळे उतारे आहेत. वक्त्याने त्यांपैकी कोणता उचलला, यावर अर्थ पुष्कळ बदलतो.

उत्पत्ति ३६:१२ नुसार अमालेक हा याकोब ऊर्फ इस्राएल याचा भाऊ एसाव याचा नातू, अलीपाज व त्याची उपपत्नी तिम्ना यांचा मुलगा. म्हणजे नात्याने इस्राएलचा भाऊबंदच. तिम्नेला अब्राहामाच्या घराण्यात यायचे होते, पण तिला दूर लोटले गेले. मग ती अलीपाजाची उपपत्नी झाली आणि तिच्या पोटी इस्राएलला छळणारा अमालेक जन्मला. तिला झिडकारायला नको होते, असा तालमूद या ज्यू धर्मचर्चांच्या संग्रहाचा शेरा आहे (सन्हेद्रिन ९९ब). शत्रूच्या जन्माचा थोडा दोष आपल्याच पदरी घेणारा हा उतारा राजकीय भाषणांत सहसा ऐकू येत नाही. बायबलबाहेरच्या समकालीन कोरीव लेखांत या टोळीचा निर्विवाद उल्लेख सापडलेला नाही.

पहिला उतारा निर्गम १७:८–१६ हा. मिसरमधून निघालेल्या इस्राएलांवर रफीदीम येथे अमालेक चालून येतो. यहोशवा लढतो आणि टेकडीवर मोशेचे हात वर असेपर्यंत त्याची सरशी होते. हात थकतात तेव्हा अहरोन व हूर ते धरून ठेवतात. इथे अमालेकची आठवण पुसून टाकीन, असे परमेश्वर स्वतः म्हणतो. दुसरा उतारा बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या ग्रंथातला, २५:१७–१९. यात पुसण्याचे काम माणसांवर सोपवले आहे आणि गुन्हाही नेमका सांगितला आहे : तुम्ही थकलेभागलेले असताना त्याने पिछाडीच्या दुबळ्यांना गाठले, त्याला देवाचे भय नव्हते. ‘आठवण ठेव’ आणि ‘विसरू नको’ या दोन्ही आज्ञा इथल्याच. तिसरा उतारा १ शमुवेल १५ सर्वांत कठोर आहे. त्यात शौल राजाला स्त्री-पुरुष, तान्ही मुले व गुरेढोरे यांसह सर्वांना मारण्याचा हुकूम मिळतो. स्वारीपूर्वी तो शेजारच्या केनी लोकांना बाजूला होण्याचा इशारा देतो. पण अगाग राजाला व चांगल्या गुरांना जिवंत ठेवतो आणि त्यापायी राज्य गमावतो.

अनुवादातील ‘तुला गाठले’ या क्रियापदाचा राशी या ११व्या शतकातील भाष्यकाराने ‘तुला थंड केले’ असाही अर्थ लावला. कढत पाण्याच्या हौदात कोणी उतरायला धजत नव्हते. एकाने उडी मारली, तो भाजला, पण पाणी इतरांसाठी निवले. मिसरच्या पराभवानंतर इस्राएलचा जो दरारा बसला होता, तो अमालेकने स्वतः हरूनही मोडला. धाकावर टिकणाऱ्या संरक्षणाचे हे मध्ययुगीन वर्णन आजच्या सेनाधिकाऱ्यालाही ओळखीचे वाटेल.

एस्तेरच्या ग्रंथात ज्यूंच्या संहाराचा कट रचणारा इराणी दरबारातील हामान ‘अगागी’, म्हणजे अगागाच्या वंशाचा, म्हणून येतो. त्यामुळे शौलाने अर्धवट सोडलेले काम तो कट उधळणाऱ्या मर्दखय व राणी एस्तेर यांच्या वाट्याला आले, असे परंपरा मानते. नवव्या अध्यायात यहुद्यांनी लुटीला हात लावला नाही, हे तीनदा बजावले आहे. शौल लुटीपायीच घसरला होता, म्हणून ही पुनरुक्ती. या सुटकेचा पुरिम सण ज्यू पंचांगातील अदार महिन्याच्या १४ तारखेला, तर जेरुसलेमसारख्या प्राचीन तटबंदीच्या शहरात १५ अदारला असतो. हा काळ फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो. कोकणातील बेने इस्राएल समाजात पुरिमला ‘होळीचा सण’ म्हणत.

पुरिमच्या आधीच्या शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनाला) ‘शब्बाथ जाखोर’ म्हणतात. त्या दिवशी तोराच्या (बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांच्या) दोन गुंडाळ्या बाहेर काढतात. पहिलीतून आठवड्याचा नेहमीचा पाठ होतो, दुसरीतून अनुवादातील तीन वचने वाचतात आणि मागोमाग १ शमुवेल १५ चा पाठ होतो. हे वाचन विधियुक्त हस्तलिखित गुंडाळीतूनच व्हावे आणि वाचणारा व ऐकणारा दोघांच्याही मनात आज्ञा पाळण्याचा हेतू असावा, अशी अपेक्षा असते. ‘आठवण’ या अर्थाचा शब्द ‘झेखेर’ की ‘झेइखेर’, याबद्दल शंका असल्याने अनेक अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय परंपरेच्या) प्रार्थनालयांत तो दोन्ही उच्चारांनी म्हणतात. हे वाचन चुकल्यास पुरिमच्या सकाळी निर्गम १७ चा पाठ ऐकून भरपाई होते, असे काही धर्मशास्त्रज्ञ मानतात. सर्वांना ते मान्य नाही. पुरिमला हामानाचे नाव येताच मुले खुळखुळे वाजवतात, पाय आपटतात. नवा बोरू तपासताना लेखनिक ‘अमालेक’ लिहून त्यावर काट मारतात.

धर्मशास्त्रात ६१३ आज्ञांपैकी तीन अमालेकविषयी आहेत. मैमोनिदीस या मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्रज्ञाच्या गणनेत नाश करणे ही १८८वी व स्मरण ठेवणे ही १८९वी विधायक आज्ञा, तर न विसरणे ही ५९वी निषेधात्मक आज्ञा. स्मरणाची आज्ञा दरवर्षी पाळली जाते. नाशाच्या आज्ञेभोवती मात्र रब्बींनी (ज्यू धर्मगुरूंनी) एवढी कुंपणे घातली की ती अमलात आणणेच अशक्य होऊन बसले. तिच्यासाठी आधी राजा नेमलेला हवा (सन्हेद्रिन २०ब). लढण्यापूर्वी शांततेचा प्रस्ताव द्यायला हवा, आणि मैमोनिदीसच्या मते ही अट अमालेकलाही लागू आहे. शिवाय अश्शूरच्या सन्हेरीबाने सारी राष्ट्रे सरमिसळ केली, हे मिश्ना या तालमूदच्या मूळ संहितेतील तत्त्व (यादाइम ४:४) नंतरच्या धर्मशास्त्रज्ञांनी अमालेकलाही लावले. वंशच ओळखता येत नसेल, तर आज्ञा कोणावर बजावणार? हामानाच्या वंशजांनी बने ब्राकमध्ये तोरा शिकवली, असेही तालमूद सांगते. हसिदी या गूढवादी ज्यू पंथाच्या गुरूंनी तर शत्रू आतच शोधला. हिब्रू अक्षरांच्या मूल्यांनुसार ‘अमालेक’ची बेरीज २४०, ‘सफेक’ म्हणजे संशय याचीही २४०. म्हणून अमालेक म्हणजे श्रद्धेला थंड करणारी शंका.

विसाव्या शतकात या कुंपणात एक फट पडली. सात कनानी राष्ट्रांबद्दल लिहिताना मैमोनिदीस त्यांची आठवण लोपल्याचे सांगतो. अमालेकबद्दल लिहिताना हे वाक्य गाळतो. त्यावरून सोलोवेइचिक या रब्बींच्या घराण्यात असा अर्थ निघाला की ज्यूंच्या नाशाचा चंग बांधणारे कोणतेही राष्ट्र अमालेक ठरते. रब्बी जोसेफ सोलोवेइचिक यांनी ही मांडणी १९५६च्या व्याख्यानातून पुढे आलेल्या निबंधात नाझींना आणि त्यानंतर इजिप्तचे नासर व जेरुसलेमचे मुफ्ती यांना लावली. ‘अमालेक’ आता वंश न राहता वर्तन झाला. यातून वंशाचा प्रश्न सुटला, पण शिक्का मारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न उघडाच राहिला. १९८०मध्ये बार-इलान विद्यापीठातील रब्बी इस्राएल हेस यांनी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात तोरातील वंशसंहाराच्या आज्ञेवर लेख लिहिला आणि त्यावर मोठी टीका झाली. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, पुरिमच्या दिवशी, बारूख गोल्डस्टीन याने हेब्रॉनमध्ये नमाज पढणाऱ्या २९ मुसलमानांना गोळ्या घालून ठार केले. राजा, शांतताप्रस्ताव वगैरे अटी नजरेआड करून फक्त संज्ञा घेतली, की ती एका व्यक्तीच्या हातातले हत्यार होऊ शकते, हा धोका त्यानंतर ठळकपणे चर्चेत आला.

पंतप्रधान बेन्यामिन नेतान्याहू यांनी २८ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासविरुद्धच्या युद्धाबाबत बोलताना अमालेकने काय केले ते आठवा, असे म्हटले. दक्षिण आफ्रिकेने २९ डिसेंबर २०२३ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात इस्रायलवर वंशसंहाराचा आरोप करत दाखल केलेल्या अर्जात हे शब्द घेतले आणि संदर्भ म्हणून १ शमुवेल १५ दिला. उद्धृत वचन मात्र अनुवाद २५ मधले होते. हेच वचन हेगमधील डच ज्यूंच्या स्मारकावरही आहे, असे उत्तर पंतप्रधान कार्यालयाने दिले. वचनाच्या पत्त्याबाबत इस्रायलचे म्हणणे बरोबर आहे. पण प्रार्थनालयात ही दोन्ही वाचने एकाच सकाळी पाठोपाठ होतात; ऐकणाऱ्याच्या कानात ती वेगळी राहतीलच, याची खात्री कोणी देऊ शकत नाही. शिवाय बचावाच्या युद्धाला अमालेकची गरजच नाही. शत्रू चालून आला असता इस्राएलला वाचवण्याची लढाई मैमोनिदीसने अमालेकशी युद्धाखेरीज स्वतंत्रपणे आवश्यक युद्धांत मोजली आहे. तो शिक्का मारल्याने लढण्याचा हक्क वाढत नाही. वाढते ती तडजोड न करण्याची अपेक्षा.

इराणबाबत एस्तेरचा ग्रंथ जास्त वापरला जातो. नेतान्याहूंनी मार्च २०१२मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा यांना त्याची प्रत भेट दिली, आणि ३ मार्च २०१५ रोजी, पुरिमच्या तोंडावर, अमेरिकी काँग्रेससमोरील भाषणात हामानाचा दाखला दिला. त्या कथेत कट हामानाचा आहे. राजा आधी फसतो आणि मग ज्यूंना स्वसंरक्षणाची परवानगी देतो. यशया ४५ मध्ये तर इराणी सम्राट कोरेश हा परमेश्वराचा अभिषिक्त आहे. त्यामुळे इराणला सरसकट हामान ठरवणे मूळ ग्रंथांनाच झेपत नाही. जून २०२५मध्ये इराणवर केलेल्या हल्ल्यांच्या मोहिमेचे ‘उठणारा सिंह’ हे नाव मात्र एस्तेरमधून नव्हे, तर बायबलमधील द्रष्टा बलाम याच्या वचनातून (गणना २३:२४) घेतले होते. अमालेकचा शेवट नाशात होईल, हे भाकीतही त्याच बलामाचे, पुढच्याच अध्यायातले (२४:२०).