बोगद्यापलीकडचा बर्फ

जानेवारीत तोक्योहून शिनकानसेन गाडीनं निगाताकडे निघालं, की बराच वेळ खिडकीबाहेर लख्ख ऊन असतं. आकाश निळंभोर, शेतं कोरडी. मग गाडी दाइशिमिझु बोगद्यात शिरते. तब्बल २२ किलोमीटर लांबीचा हा बोगदा काही मिनिटांत पार होतो आणि गाडी बाहेर पडते ती दुसऱ्याच ऋतूत. एचिगो-युझावाच्या घरांवर माणसाच्या उंचीएवढा बर्फ साचलेला, आकाश राखाडी आणि हिमवृष्टी चालूच. हे गाव लोणावळ्यापेक्षाही कमी उंचीवर आहे! मग एवढा बर्फ येतो कुठून?

घाट ओलांडणाऱ्या मराठी माणसाला हे कोडं सुटायला वेळ लागू नये. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईपर्यंत रोडावतो आणि माण-खटावात पोचेतो जवळजवळ आटतो. समुद्रावरून आलेला बाष्पभरला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि अलीकडेच रिता होतो. जपानमध्ये हिवाळ्यात हेच घडतं, फक्त वारा वायव्येकडून येतो आणि पावसाऐवजी बर्फ पडतो.

हा वारा निघतो सायबेरियातून. तिथून निघताना तो हाडं गोठवणारा, पण अगदी कोरडा असतो. वाटेत लागतो जपानचा समुद्र. दक्षिणेकडून येणाऱ्या त्सुशिमा प्रवाहामुळे इथलं पाणी भर हिवाळ्यातही त्या हवेपेक्षा कितीतरी ऊबदार राहतं. थंडीच्या दिवसांत पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ तरंगते ना, तसा इथे अख्खा समुद्र वाफाळत असतो. उपग्रहाच्या छायाचित्रात ही सगळी प्रक्रिया उघड दिसते. आशियाच्या किनाऱ्यालगत समुद्र निरभ्र, कारण हवेनं अजून पुरेसं बाष्प उचललेलं नसतं. थोडं पुढे ढगांच्या बारीक समांतर रेघा उमटतात आणि जपानकडे येता येता त्या जाडजूड होत जातात. मला या छायाचित्रांचं फार अप्रूप वाटतं. वाऱ्याची वाट इतकी स्वच्छ क्वचितच दिसते.

पुढे होन्शू बेटाच्या कण्यासारखे डोंगर. अलीकडे सगळं ओझं उतरवून वारा पलीकडे जातो तो कोरडा होऊन. गुन्मा प्रांतात त्याला ‘काराक्काझे’, म्हणजे नुसताच कोरडा वारा, म्हणतात. मोजलेल्या बर्फाच्या जाडीचा जागतिक विक्रमही जपानचाच आहे: १४ फेब्रुवारी १९२७ रोजी इबुकी डोंगरावर ११.८२ मीटर. या डोंगराची उंची १,३७७ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा कमी.

युझावाला उतरलात तर गडद रंगाच्या कोटाची बाही पुढे करून थोडं थांबा. बाहीवर टेकलेला कण वितळण्याआधी नीट पाहा. कधी सहा फांद्यांची नक्षीदार चांदणी दिसेल, कधी साधी चपटी षटकोनी चकती, कधी सुईसारखी काडी. हा फरक का पडतो, हे उकि‌चिरो नाकाया यांनी शोधलं. होक्काइदो विद्यापीठात १२ मार्च १९३६ रोजी त्यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही सशाच्या एका केसाच्या आधारानं. हवेचं तापमान आणि बाष्पाचं प्रमाण बदललं की स्फटिकाचा आकार बदलतो, हे त्यांनी दाखवून दिलं. उणे १५ अंशांच्या आसपास भरपूर बाष्प मिळालं तर फांद्या फुटतात, उणे ५ च्या सुमारास सुया होतात. म्हणजे बाहीवरचा कण पाहून तो ढगात कुठल्या हवेतून आला, हे सांगता येतं. बर्फ म्हणजे आकाशानं धाडलेलं पत्र, असं नाकाया म्हणत.

पण इथे राहणाऱ्यांना बर्फ उपसावा लागतो. साचून दबलेल्या बर्फाचं वजन घनमीटरला साधारण ३०० किलो धरलं, तर १०० चौरस मीटरच्या छपरावर मीटरभर थर म्हणजे ३० टन. त्यामुळे फावडी घेऊन छपरावर चढणं भाग पडतं. त्याला ‘युकि-ओरोशि’ म्हणतात. गावातली तरुण मंडळी शहरात गेलेली, म्हणून सत्तरी ओलांडलेली माणसं वर चढतात. छपरावरून पडून दरवर्षी माणसं दगावतात आणि त्यांत म्हातारीच जास्त असतात. बर्फाच्या देखण्या छायाचित्रांत हे येत नाही.

रस्त्यांसाठी मात्र नागाओका शहरानं छान युक्ती काढली. रस्त्याच्या मधोमध जमिनीत नळ, त्यांना छोटी छिद्रं, त्यांतून भूजलाच्या चिळकांड्या. खोलवरच्या पाण्यापर्यंत हिवाळ्याची थंडी पोचत नाही, म्हणून ते बर्फ वितळवण्याइतकं कोमट असतं. पाण्यात लोह असल्यानं असे रस्ते तांबूस गंजकट दिसतात. चालताना बुटांत पाणी शिरतं, तेव्हा उंच रबरी बूट हवेतच. याची किंमतही मोजावी लागली. बेसुमार उपशामुळे मिनामि-उओनुमासारख्या भागात जमीन खचली.

सह्याद्रीवर पडलेला पाऊस बघता बघता समुद्राला मिळतो. इथलं पाणी मात्र डोंगरावरच थांबून राहतं आणि एप्रिल-मेमध्ये हळूहळू खाली झिरपतं, नेमकं भाताच्या लावणीला. उओनुमाचा कोशिहिकारी तांदूळ जपानभर नावाजलेला आहे. त्याची खाचरं याच बर्फाच्या पाण्यानं भरतात.