टिळक, नारायण वामन

टिळक, नारायण वामन : (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९). मराठी कवी, ख्रिस्ती धर्मोपदेशक व पदरचनाकार. जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी, चित्पावन ब्राह्मण घराण्यात. संस्कृतचे अध्ययन नाशिकला. १८८० मध्ये मनकर्णिका गोखले यांच्याशी विवाह झाला. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक त्या याच.

१८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबलमधील नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारून गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. नातेवाईक दुरावले. लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या, पुढे अहमदनगरला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची (ख्रिस्ती धर्मगुरुपदाची) दीक्षा मिळाली. ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी विभागाचे ते अखेरपर्यंत संपादक होते.

धर्म बदलला तरी संतकाव्य त्यांनी टाकले नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते म्हणत. हा निव्वळ अलंकार नव्हे. त्यांची पदरचना त्याच वाटेने गेली आहे.

तोवर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून (उपासक समुदायांतून) बरीच गीते इंग्रजीवरून भाषांतरित केलेली, मूळ चालीतच म्हटली जात. इंग्रजी चालीत ठोका ठरावीक जागी पडतो. मराठी ओळीत त्या जागी अनेकदा विभक्तिप्रत्यय येतो किंवा शेवटचे ‘आहे’. मग बिनमहत्त्वाच्या अक्षरावर जोर बसतो, ऱ्हस्व ताणावे लागते आणि अर्थ हरवतो. टिळकांनी ओवी, अभंग आणि देशी चालीची पदे घेतली. मोठ्या अभंगाच्या चरणात चार खंड असतात : पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार, यमक दुसऱ्या-तिसऱ्या खंडांचे. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन खंड. ओळ अशी आखूड असली की एकाने सांगायची आणि बाकीच्यांनी धरायची, हे निरक्षर मंडळीलाही जमते. मात्र हार्मोनियमवर इंग्रजी भजनाच्या संथ लयीत तोच अभंग घेतला तर चौथा खंड लोंबकळतो. तो टाळाच्या ठेक्यावरच उभा राहतो.

आशयही त्याच परंपरेतला. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. अखेरच्या चरणात ‘दास म्हणे’ ही कवीची नाममुद्रा येते. सिद्धान्त पढवणाऱ्या रचना तुलनेने कोरड्या वाटतात. स्वतःचे उणेपण सांगणारी पदे सरस उतरली आहेत. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा मोठा वाटा आहे. अहमदनगरच्या कृष्णराव सांगळे यांनी आधीच रुजवलेले ख्रिस्ती कीर्तनही त्यांनी पुढे नेले.

१९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ते साताऱ्यास गेले आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. ख्रिस्ताला मानणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तेथे जागा होती. मिशनच्या चौकटीत हे बसणारे नव्हते. दरबार मूळ धरण्याआधीच दोन वर्षांत मुंबईत त्यांचे निधन झाले. हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले. सुरुवातीचे अध्याय तेवढे त्यांचे, उरलेला बहुतांश ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पुरा केला.