भाड्याच्या घरातील माणसांची कायदेशीर मर्यादा (इंग्लंड)

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात किती माणसे राहू शकतात हे दोन वेगळ्या कायद्यांवरून ठरते. पहिला १९८५ च्या हाउसिंग अ‍ॅक्टचा दहावा भाग. दुसरा २००४ च्या हाउसिंग अ‍ॅक्टमधील ‘एचएमओ’, म्हणजे अनेक कुटुंबांनी वाटून घेतलेल्या घरांचे नियम. दोन्हींची गल्लत झाली की हिशेब चुकतो.

१९८५ च्या कायद्यात दोन कसोट्या आहेत आणि घर दोन्हींत उतरावे लागते. पहिली झोपण्याची : दहा वर्षांवरील स्त्री-पुरुषांना, ते जोडपे नसताना, एकाच खोलीत झोपणे भाग पडता कामा नये. प्रत्यक्षात कोण कुठे झोपते हे इथे गौण. आई व मुली एका खोलीत आणि वडील व मुलगे दुसऱ्या खोलीत, अशी मांडणी कागदावर जमली तरी कसोटी पार होते. लिव्हिंग रूमही झोपण्याची खोली धरतात, त्यामुळे ही अट फार सैल आहे.

दुसरी कसोटी जागेची. खोल्यांच्या संख्येवरून एका खोलीला २ माणसे, दोनला ३, तीनला ५, चारला साडेसात आणि पाच किंवा अधिक असतील तर प्रत्येकी २. मग प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ पाहून वेगळी बेरीज करतात : ११० चौरस फूट किंवा जास्त असल्यास २, ९० ते ११० ला दीड, ७० ते ९० ला १, ५० ते ७० ला अर्धा, ५० च्या खाली शून्य. दोहोंपैकी लहान आकडा ही घराची मर्यादा. एक वर्षाखालचे मूल मोजत नाहीत. एक ते दहा वर्षांचे मूल अर्धे.

समजा खोल्या १३०, ९५ आणि ७५ चौरस फुटांच्या आहेत. संख्येवरून ५, क्षेत्रफळावरून २ + दीड + १ = साडेचार; मर्यादा साडेचार. नवरा-बायको, १२ आणि ८ वर्षांची मुले व पाच महिन्यांचे बाळ मिळून साडेतीन होतात. बाळ वर्षाचे झाले की ४, मधले मूल दहाचे झाले की बरोबर साडेचार. त्यानंतर कायमचा एक भाडेकरू ठेवला की कायदा मोडला.

वाढत्या वयामुळे मर्यादा ओलांडली गेली, तर कुटुंबाने कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) योग्य पर्यायी घरासाठी अर्ज केलेला असल्यास गुन्हा ठरत नाही. मात्र दरम्यान बाहेरचे माणूस आणून ठेवलेले नसावे. तात्पुरता राहायला आलेला नातेवाईकही हिशेबाबाहेर राहतो. पुण्या-मुंबईहून काही आठवडे आलेल्या आजी-आजोबांची म्हणूनच धास्ती नको.

विद्यार्थ्यांच्या घरांना दुसरा कायदा जास्त लागतो. नाते नसलेला प्रत्येक मित्र स्वतंत्र कुटुंब मोजला जातो. किमान तीन माणसे दोन किंवा अधिक कुटुंबांची असून स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर सामाईक असेल, तर घर एचएमओ ठरते. १ ऑक्टोबर २०१८ पासून पाच किंवा अधिक माणसे असतील तर परवाना सक्तीचा आहे, मग घर कितीही मजल्यांचे असो. तीन किंवा अधिक फ्लॅट असलेल्या, मुळातच फ्लॅटसाठी बांधलेल्या इमारतीतील फ्लॅटला ही सक्ती नाही, पण कौन्सिल आपल्या हद्दीत लहान एचएमओंनाही जादा परवाना योजना लावू शकते. त्यामुळे ‘आम्ही चौघेच आहोत’ हा युक्तिवाद सगळीकडे चालत नाही.

परवान्याखाली दहा वर्षांवरील एकासाठी किमान ६.५१ चौरस मीटर, दोघांसाठी १०.२२, दहाखालच्या मुलासाठी ४.६४ लागतात. हे आकडे विचित्र वाटतात, कारण जुने ७०, ११० आणि ५० चौरस फूटच मीटरमध्ये आले आहेत. ४.६४ पेक्षा लहान खोलीत झोपायला देता येत नाही. छत १.५ मीटरपेक्षा खाली आहे तो भाग मोजत नाहीत, त्यामुळे उतरत्या छपराच्या माळ्यावरची प्रशस्त दिसणारी खोली मापात बसेलच असे नाही. टेप लावताना घरमालक सर्वाधिक इथेच फसतात.