बी. फार्म. प्रवेश: पुढे फार्मसीचे प्राध्यापक व्हायचं असेल तर आधीच माहीत असू द्या

शिकवायचं आहे, हे बऱ्याच मुलांच्या मनात एम. फार्म.ला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, आल्यावर येतं. तेव्हा काहींना उशीर झालेला असतो. फार्मसी शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या २०१४ च्या शिक्षक पात्रता नियमांप्रमाणे संबंधित शाखेत एम. फार्म. तर लागतंच, पण बी. फार्म.ला, म्हणजे पदवीलाही, प्रथम वर्ग लागतो. म्हणजे पहिल्या सत्रात मागे राहिलेले विषय पुढे नोकरीच्या अर्जात आडवे येऊ शकतात. म्हणून हे प्रवेशाच्या वेळीच सांगतो आहे.

महाराष्ट्रात बी. फार्म.साठी बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र हवं, जोडीला गणित किंवा जीवशास्त्र. गणित नाही म्हणून घाबरू नका, पीसीबीवाल्यांनाही दार उघडं आहे. या विषयांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के आणि राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के गुण लागतात. एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिलेली असावी. डी. फार्म. ही पदविका झालेल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो.

राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, नोंदणी, मग कागदपत्रांची छाननी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि पसंतीक्रम, असा क्रम असतो. पसंतीक्रम भरताना खरोखर हवं तेच कॉलेज पहिलं लिहा. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की जागा आपोआप निश्चित होते, मग पुढच्या फेरीत बदल मागता येत नाही. कॉलेज निवडताना त्याला फार्मसी कौन्सिलची मान्यता आहे का, ते स्वतः तपासा. मान्यता नसेल तर पदवी हातात असूनही फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं गुणपत्रक, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र ही मूळ कागदपत्रं. राखीव जागेसाठी जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र. अडतं ते नेमकं या वैधतेपाशी. जात पडताळणी समितीकडून ती यायला वेळ लागतो, त्यामुळे बारावीत असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. इतर मागासवर्गीयांनी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रावरची तारीखही पाहावी: प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असायला हवं. आणि नाव सगळीकडे एकसारखं आहे ना, ते एकदा शांतपणे ताडून घ्या.

बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षी जीपॅट, म्हणजे एम. फार्म.साठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्या. २०२४ पासून ही परीक्षा राष्ट्रीय परीक्षा मंडळ, म्हणजे एनबीईएमएस, घेतं. पात्र ठरून एम. फार्म.ला प्रवेश घेतला, तर एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. शाखा मात्र शिष्यवृत्तीकडे किंवा रिकाम्या जागेकडे बघून घेऊ नका. फार्मास्युटिक्स (औषधं बनवण्याचं शास्त्र) घ्या की फार्माकॉलॉजी (औषधांचा शरीरावरचा परिणाम), पुढची पीएच.डी. आणि वर्गातला विषय बहुधा तिथूनच ठरतो.