खटल्याचे कागद उघडे, माणसाची कुंडली बंद: रिव्हरसाइड काउंटीतील फौजदारी नोंदींची पार्श्वभूमी

रिव्हरसाइड ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील ५८ काउंट्यांपैकी (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग) एक. लॉस एंजेलिसच्या पूर्वेकडून ती सुरू होते आणि थेट कोलोरॅडो नदीकाठी, ॲरिझोनाच्या हद्दीपर्यंत पसरते. सॅन बर्नार्डिनो आणि सॅन डिएगो या दोन काउंट्यांचे भाग काढून १८९३ मध्ये ती तयार झाली. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या २४ लाखांवर गेली होती. फौजदारी खटल्यांचे कामकाज आणि नोंदी लोकांना किती पाहू द्याव्यात, याबद्दलचे तीन महत्त्वाचे निकाल याच काउंटीतील प्रकरणांवर लागले आहेत: १९८४, १९८६ आणि २०२१ साली. पहिल्या दोन निकालांनी न्यायालयाचे कामकाज उघडे केले. तिसऱ्याने त्याच न्यायालयाच्या संगणकावरील शोधाची एक सोय बंद केली. वरवर हे परस्परविरोधी वाटते, पण तसे नाही. इथला कायदा खटला उघडा ठेवतो, माणसाचा एकत्रित गुन्हेगारी इतिहास मात्र उघडा ठेवत नाही. हा फरक लक्षात घेतला नाही, तर नोंद मागणाऱ्याचे पैसे आणि आठवडे दोन्ही वाया जातात.

सुरुवात १८७२ पासून करावी लागते. त्या वर्षी कॅलिफोर्नियाने आपली दिवाणी प्रक्रिया संहिता केली आणि तिच्या १८९२ क्रमांकाच्या कलमात प्रत्येक नागरिकाला सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा व त्याची नक्कल घेण्याचा हक्क दिला. त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय पुरावा कायदा आला. त्याच्या ७६ व्या कलमाने (आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे ७५ वे) नक्कल मिळण्याची सोय केली, पण ज्याला तो दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे त्यालाच. एकीकडे नागरिक असणे पुरेसे, दुसरीकडे हक्क आधी दाखवायचा. दोन्हीकडच्या नक्कल खिडक्यांवर आजही जो फरक जाणवतो, त्याचे मूळ बरेचसे इथे आहे.

पुढे १९६८ मध्ये राज्यपाल रोनाल्ड रेगन यांच्या सहीने कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक नोंदी कायदा झाला. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), शहर पोलीस, जिल्हा वकील (काउंटीचा सरकारी वकील) अशा सर्व स्थानिक यंत्रणा त्याच्या कक्षेत आल्या. न्यायालये आली नाहीत. सर्वांत जास्त अर्ज इथेच चुकतात. लोक या कायद्याचे कलम उद्धृत करून न्यायालयाकडे खटल्याचे कागद मागतात आणि अर्ज परत येतो. न्यायालयीन दप्तर पाहण्याचा हक्क परंपरागत कायदा, राज्यघटना आणि न्यायालयांचे स्वतःचे नियम यांतून येतो. न्यायालयाच्या प्रशासकीय कागदांसाठी (खर्च, कंत्राटे वगैरे) १०.५०० हा वेगळा नियम २०१० पासून लागू आहे. शिवाय न्यायालय आता काउंटीचे खातेही राहिलेले नाही. १९९७ च्या कायद्याने त्याचा खर्च राज्याने उचलला.

आता ते दोन निकाल. रिव्हरसाइडमध्ये एका किशोरवयीन मुलीवरील बलात्कार आणि खुनाच्या खटल्यात ज्यूरी निवडण्याचे काम सहा आठवडे चालले. त्यातील जेमतेम तीन दिवसांचे कामकाज खुले होते. स्थानिक दैनिक प्रेस-एंटरप्राइजने ते उघडे करण्याची मागणी केली, नंतर निदान लेखी वृत्तांत तरी द्या म्हटले. दोन्ही नाकारले गेले. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दैनिकाच्या बाजूने निकाल दिला. दरवाजे बंद करायचे असतील तर त्याहून मोठे हित दाखवा, त्याची कारणे प्रकरणापुरती नेमकी नोंदवा आणि बंदी गरजेपुरतीच ठेवा, असे सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिले.

दुसरे प्रकरण एका परिचारकाचे. हृदयविकारावरील लिडोकेन या औषधाचे घातक डोस देऊन १२ रुग्णांना मारल्याचा आरोप त्याच्यावर होता. आरोपीच्या विनंतीवरून प्राथमिक सुनावणी, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे पाहणारी सुनावणी, बंद दाराआड झाली आणि ती ४१ दिवस चालली. तिचा वृत्तांतही मोहोरबंद ठेवला गेला. पुन्हा तेच दैनिक वॉशिंग्टनला, सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जून १९८६ चा निकाल असा, की प्राथमिक सुनावणीलाही लोकांच्या प्रवेशाचा घटनात्मक हक्क आहे. दोन कसोट्या ठरल्या: हे काम पूर्वापार उघड्यावर होत आले आहे का, आणि उघड्यावर झाल्याने त्या कामाचा दर्जा सुधारतो का. कॅलिफोर्नियात बहुतेक फौजदारी प्रकरणे पूर्ण खटला न चालताच गुन्हा कबूल करून मिटतात. मग पुरावा लोकांसमोर येण्याची एकमेव जागा पुष्कळदा ही प्राथमिक सुनावणीच असते. म्हणून माझ्या मते १९८६ चा निकाल १९८४ च्या निकालापेक्षा जास्त मोलाचा आहे.

आज कॅलिफोर्नियात न्यायालयाचा कागद मोहोरबंद करण्यासाठी २.५५० हा नियम पाळावा लागतो. त्यातील अटी याच निकालांमधून आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या एका निकालातून आल्या आहेत. पक्षकारांनी आपसात ठरवले म्हणून कागद बंद होत नाही. न्यायाधीशाचा कारणांसह आदेश लागतो. फाइल मागितल्यावर ‘गोपनीय आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर ती कायद्यानेच गोपनीय आहे की आदेशाने, हे विचारावे. आदेशाने असेल तर आदेशाची तारीख विचारावी.

एका फाइलमधील सगळे कागद मात्र एकाच नियमाने चालत नाहीत, आणि हे न्यायालयाच्या संकेतस्थळावर पाहून कळत नाही. जिल्हा वकिलाचे आरोपपत्र दाखल होताच सार्वजनिक असते. (भारतात पोलिसांचे दोषारोपपत्र सार्वजनिक दस्तऐवज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले, एफआयआर मात्र, संवेदनशील गुन्हे वगळता, २४ तासांत संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश २०१६ चा आहे. दोन्ही देशांत उघडा कागद वेगळा आहे.) झडतीच्या वॉरंटचे कागद वॉरंट बजावून परत येईपर्यंत किंवा १० दिवस उलटेपर्यंत बंद असतात, बजावलेले असेल तर त्यानंतर उघडे. ग्रँड ज्यूरीचा (आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा) वृत्तांत आरोपीला मिळाल्यानंतर १० दिवसांनी उघडतो, न्यायाधीशाने थांबवला नसेल तर. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवणे) अधिकाऱ्याचा अहवाल याच्या उलट वागतो. शिक्षा सुनावल्यापासून ६० दिवस तो कोणालाही पाहता येतो, नंतर न्यायालयाचा आदेश लागतो. आरोपीची पार्श्वभूमी, गुन्ह्याचा वृत्तांत, पीडिताचे म्हणणे हे सगळे या एका अहवालात असते. त्यामुळे शिक्षेची तारीख आधी टिपून ठेवावी. अल्पवयीन मुलांची प्रकरणे वेगळ्या कायद्याखाली जवळपास पूर्ण बंद आहेत.

शेरीफ आणि पोलिसांकडची बाजू वेगळी. तपासाचे कागद, म्हणजे साक्षीदारांचे जबाब आणि पोलिसांचा अहवाल, सूट म्हणून रोखून धरता येतात, खटला संपल्यावरसुद्धा. पण अटकेबद्दलची ठरावीक माहिती द्यावीच लागते: पूर्ण नाव, व्यवसाय, जन्मतारखेसह शारीरिक वर्णन, अटकेची वेळ आणि जागा, घटनेची हकीकत, जामिनाची रक्कम, सर्व आरोप. तपासाला किंवा कोणाच्या जिवाला धोका असेल तरच ती थांबवता येते. सार्वजनिक नोंदी कायद्यातील हे कलम नव्या क्रमांकनात ७९२३.६१० आहे. २०२३ पासून संपूर्ण कायद्याचे कलम-क्रमांक बदलले, त्यामुळे अर्जाच्या जुन्या नमुन्यांतील ६२५४ या कलमाचा उल्लेख काढून टाकावा. ही माहिती किती जुन्या अटकेपर्यंत मागता येते यावर अपील न्यायालयांत दोन मते आहेत. १९९३ च्या लॉस एंजेलिस प्रकरणाने ती ताज्या अटकांपुरती ठेवली, २०१५ च्या सॅन डिएगो प्रकरणाने तसे बंधन मानले नाही. उत्तरासाठी यंत्रणेला १० दिवस असतात, कारण देऊन आणखी १४ पर्यंत वाढवता येतात. शुल्क फक्त नक्कल काढण्याचे. शोधण्याच्या श्रमाचे नाही. पोलिसांचा गोळीबार आणि अधिकाऱ्याचा सिद्ध झालेला खोटेपणा यांच्या फायली २०१९ पर्यंत बंद होत्या, १४२१ क्रमांकाच्या विधेयकाने त्या उघडल्या.

अर्ज कोणाकडे करायचा हेही आधी नक्की करावे लागते. मोरेनो व्हॅली, टेमेक्युला अशी अनेक शहरे पोलीस सेवा कंत्राटाने शेरीफकडून घेतात. रिव्हरसाइड शहराचे पोलीस स्वतःचे आहेत. महामार्गावरील अटक बहुधा राज्याच्या हायवे पेट्रोलची असते. संघराज्याच्या कायद्याखालील गुन्हा असेल तर काउंटीत काहीच सापडणार नाही. ते कागद संघराज्याच्या न्यायालयांच्या पेसर या संकेतस्थळावर असतात, पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरपर्यंतचा वापर माफ.

न्यायालयाच्या कागदांत शोध खटल्याच्या क्रमांकाने करावा. इथल्या जुन्या क्रमांकांची अक्षरे बोलकी आहेत: आरआयएफ म्हणजे रिव्हरसाइडमधील फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, आयएनएफ इंडिओचा, एसडब्ल्यूएफ मरिएटाच्या नैर्ऋत्य न्यायसंकुलाचा, शेवटी एम असेल तर मिसडिमिनर, म्हणजे सौम्य गुन्हा. तुरुंगातील बुकिंग क्रमांक किंवा पोलिसांचा अहवाल क्रमांक न्यायालयात चालत नाही. अटकेच्या वेळचा आरोप आणि दाखल झालेला आरोपही एकच नसतो. जिल्हा वकील आरोप बदलतात, कमी करतात किंवा काहीच दाखल करत नाहीत. न्यायालयात नोंद नाही याचा अर्थ अटक झाली नाही असा नव्हे. उलट, सौम्य गुन्ह्यात आरोप दाखल करायला साधारण एक वर्षाची मुदत असते, त्यामुळे आज न दिसलेला खटला सहा महिन्यांनी दिसू शकतो. १९९८ पूर्वीची प्रकरणे शोधताना आणखी एक अडचण येते. तेव्हा म्युनिसिपल आणि सुपीरियर अशी दोन न्यायालये होती. फेलनीची प्राथमिक सुनावणी पहिल्यात, खटला दुसऱ्यात. म्हणून एकाच प्रकरणाला दोन क्रमांक सापडतात. त्या वर्षीच्या २२० क्रमांकाच्या जनमत प्रस्तावाने एकत्रीकरणाची वाट मोकळी केली आणि २००१ पर्यंत सर्व ५८ काउंट्यांत एकच न्यायालय झाले.

घरबसल्या काय दिसते, याचे नियम २००२ पासून आहेत. रोजनामा, बोर्ड आणि नावांची सूची दुरून पाहता येते. फौजदारी खटल्याचे प्रत्यक्ष कागद मात्र न्यायालयाच्या इमारतीतील संगणकावर किंवा खिडकीवरच; फार गाजलेल्या खटल्यांपुरता अपवाद करता येतो. नक्कल पानाला ५० सेंट, प्रमाणित करण्याचे ४० डॉलर, आणि शोधायला १० मिनिटांहून जास्त लागली तर १५ डॉलर. ही मर्यादा मुद्दाम घातलेली आहे, आणि तिच्यामागे १९८९ चा एक निकाल आहे. एका व्यक्तीचा एफबीआयकडील गुन्हेगारी इतिहास पत्रकारांनी मागितला होता. त्यातील प्रत्येक नोंद कुठल्या ना कुठल्या काउंटीत उघडीच होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: गावोगावच्या न्यायालयांत हिंडून मिळणारे कागद वेगळे आणि एका कळीवर निघणारी माणसाची गोळाबेरीज वेगळी. कॅलिफोर्नियातही राज्याच्या न्याय विभागाकडे असलेला इतिहास इतरांना बंद आहे. स्वतःचा मागता येतो: बोटांचे ठसे आणि २५ डॉलर. ‘तुझा इतिहास काढून आण’ असे मालकाने सांगणे हा तिथे गुन्हा आहे.

२०२१ चा हॅम्रिक निकाल याच ओळीतला. नियम २.५०७ सांगतो की सूचीतून जन्मतारीख आणि वाहन परवाना क्रमांक वगळावेत. रिव्हरसाइडचे न्यायालय ते दाखवत नव्हते, पण टाइप करून शोध घेऊ देत होते. तुरुंगवास भोगून आलेल्यांच्या संघटनेने दावा केला, आणि मे २०२१ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की वगळणे म्हणजे शोधासाठीही न वापरणे. त्यानंतर राज्यातील अनेक न्यायालयांनी ती सोय काढली. पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्यांची कामे रखडली. गार्सिया किंवा पटेल अशा आडनावाला एकाच नावाच्या अनेक नोंदी येतात आणि प्रत्येक फाइल मागवून माणूस जुळवावा लागतो. यात केवळ नाव सारखे असलेल्या निर्दोष माणसाचाही बळी जातो, ही तक्रार खरी आहे. शोध पुन्हा सुरू करणारे विधेयक २०२२ मध्ये विधिमंडळात मंजूर झाले, पण राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते नाकारले. शेरीफला अटकेसोबत जन्मतारीख सांगणे बंधनकारक आणि न्यायालयाला तिच्यावरून शोध देणे मना, ही विसंगती तशीच आहे.

तिथे राहणाऱ्या मराठी माणसाचा या सगळ्याशी संबंध बहुधा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी येतो. पंधरा वर्षांपूर्वीची, पुढे रद्द झालेली अटकसुद्धा त्यात सांगावी लागते आणि न्यायालयाच्या अंतिम निकालाची प्रमाणित प्रत जोडावी लागते. दंडसंहितेच्या १२०३.४ कलमाखाली खटला नंतर काढून टाकला असला, तरी न्यायालयाची फाइल नाहीशी होत नाही आणि स्थलांतर विभाग ती शिक्षा मोजतो. दुसरीकडे, सौम्य गुन्ह्यांची दप्तरे साधारण ५ वर्षांनी आणि दारू पिऊन गाडी चालवल्याची १० वर्षांनी नष्ट करता येतात. अशा वेळी फाइल नाही म्हणून हात हलवत परत येऊ नये. नोंद नष्ट झाली आहे किंवा सापडत नाही, असे न्यायालयाच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र मागावे; आरोप दाखलच झाला नसेल तर तसे पत्र अटक करणाऱ्या यंत्रणेकडून घ्यावे. दोन्हींसाठी नावाची त्या काळातील सर्व स्पेलिंगे अर्जात द्यावीत, कारण वडिलांचे नाव मधे लिहिण्याच्या आपल्या रीतीमुळे तिथल्या सूचीत आडनावाच्या जागी भलतेच नाव बसलेले असते.